‘बोलून जनुक बदलतं का, ताई?’

एका वाचक मैत्रिणीचं चार पानी पत्र आलं आहे. ओळख पटेल असा तपशील गाळून त्याचा सारांश देते.

“मी ३६ वर्षांची. लहानपणापासून आईचं नैराश्य पाहिलं. महिनोन्‌महिने ती अंथरुणातून उठत नसे आणि घरातले तिला ‘मन घट्ट कर’ एवढंच सांगत. दोन वर्षांपूर्वी बाबा गेले, त्याच वर्षी नोकरी सुटली आणि मीही तशीच कोसळले. मानसोपचारतज्ज्ञांनी गोळी सुरू केली, सोबत समुपदेशन. सात-आठ महिन्यांत सावरले. गोळी अजून चालू आहे. तीन महिन्यांपूर्वी भावाच्या आग्रहाखातर लाळेचा नमुना पाठवून जनुकीय चाचणी केली. रिपोर्टमध्ये लाल रंगात आलं : सेरोटोनिन वाहून नेणाऱ्या जनुकाच्या दोन्ही प्रती ‘आखूड’, ताणाला जास्त संवेदनशील, नैराश्याचा धोका अधिक. म्हणजे माझ्या मेंदूला सेरोटोनिन पोचतच नाही ना? वाचून आधी सुटल्यासारखं वाटलं, रात्री मात्र झोप लागली नाही. तेव्हापासून समुपदेशनाला गेले नाही. बोलून जनुक बदलतं का, ताई? माझी लेक नऊ वर्षांची आहे, फार हळवी. कुणी रागावलं तर दोन-दोन दिवस मनात धरते. माझ्या दोन्ही प्रती आखूड, म्हणजे एक तरी तिच्याकडे गेलीच. तिची चाचणी करून घेऊ? आम्ही दुसऱ्या मुलाचा विचार करत होतो. आता नवरा म्हणतो, विज्ञानच सांगतंय तर जोखीम कशाला? आणि ही गोळी आता जन्मभर का? रिपोर्ट कपाटात कपड्यांखाली ठेवलाय. लेक मोठी झाल्यावर तिला दाखवायचा की फाडून टाकायचा?”

प्रिय मैत्रिणी,

तुमच्या पत्रातलं एक छोटं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं : ‘आधी सुटल्यासारखं वाटलं.’ बाकीच्या प्रश्नांकडे जाण्याआधी त्याच्यापाशी थोडं थांबते.

ज्या घरात आजारी माणसाला ‘मन घट्ट कर’ असं ऐकवलं जातं, त्या घरातली मुलं मनातल्या मनात एक हिशेब मांडत राहतात. आईचं चुकलं की आपलं? आपण फार दंगा केला म्हणून ती झोपून राहिली का? तुमचा हा हिशेब तीस वर्षं जुळत नव्हता आणि एका कागदाने तो एका ओळीत मिटवला. चूक कुणाचीच नाही, जनुकाची आहे. ही सुटका खरी आहे, ती परत करू नका. आईचा आजार हा आजारच होता, तो तिच्या मनाचा कच्चेपणा नव्हता आणि लहानग्या तुमचा तर त्यात काडीचाही दोष नव्हता. एवढं सांगायला मला कुठल्याही जनुकाचं नाव घ्यावं लागत नाही.

पण या सुटकेच्या बदल्यात त्या कागदाने तुमच्याकडून बरंच काही काढून घेतलं. समुपदेशन थांबलं. लेकीकडे बघण्याची नजर बदलली. दुसऱ्या मुलाचा विषय बंद झाला. इतकं सगळं सोडून द्यावं एवढा तो कागद भक्कम आहे का? मला वाटतं, नाही. का, ते जरा सविस्तर सांगते, कारण अशा रिपोर्टबद्दल विचारणारं तुमचं पत्र पहिलं नाही.

सेरोटोनिन हे चेतापेशींनी एकमेकींना निरोप द्यायला वापरायचं एक रसायन. ते तयार करणाऱ्या चेतापेशी मेंदूच्या बुंध्यात एका लहानशा भागात असतात, पण त्यांचे धागे जवळजवळ संपूर्ण मेंदूत पसरलेले असतात. एक पेशी दुसरीला निरोप देते तेव्हा दोघींमधल्या सूक्ष्म फटीत सेरोटोनिन सोडते. निरोप पोचला की ते तिथून उचलावं लागतं, नाही तर पुढचा निरोप ऐकूच यायचा नाही. हे उचलण्याचं काम एक प्रथिन करतं. पेशीच्या आवरणात ते बारा वेळा आतबाहेर ओवल्यासारखं बसलेलं असतं आणि सोडियमच्या प्रवाहाचा जोर वापरून फटीतलं सेरोटोनिन परत ज्या पेशीतून आलं तिच्यातच ओढून घेतं. शास्त्रज्ञ त्याला ‘सेरोटोनिन वाहक’ म्हणतात. तुमचा सगळा गोंधळ या ‘वाहक’ शब्दापाशी सुरू झाला आहे. वाहक म्हटलं की आपल्याला वाटतं, माल पोचवणारा. हा माल पोचवत नाही, सांडलेला माल गोळा करून परत आत नेतो. तेव्हा ‘वाहतूक कमी’ याचा अर्थ ‘मेंदूला सेरोटोनिन पोचत नाही’ असा होत नाही. झालाच तर उलटा होतो, म्हणजे सोडलेलं सेरोटोनिन फटीत थोडं जास्त वेळ रेंगाळतं.

आता तुमच्या गोळीकडे बघा. तुम्ही नाव लिहिलेलं नाही, पण पहिल्यांदाच नैराश्य आलेल्यांना बहुधा ज्या गटातली गोळी देतात, तो गट नेमकं याच वाहकाचं तोंड अडवतो. उचल कमी होते, सेरोटोनिन फटीत टिकतं. म्हणजे रिपोर्टच्या भाषेत तुमच्या आखूड जनुकाने जन्मतः जे थोडंसं केलं असं म्हणतात, तेच गोळी जोरात करते आणि तिने लोकांना बरं वाटतं! मग त्याच गोष्टीने धोका कसा वाढतो? हा प्रश्न तुमच्या रिपोर्टने विचारलेला नाही, शास्त्रज्ञांनी मात्र विचारला. १९९८ मध्ये वाहक अजिबात नसलेले उंदीर प्रयोगशाळेत तयार करण्यात आले, आणि अशा उंदरांमध्ये पुढे घाबरटपणा जास्त आढळला. मेंदू घडत असतानाच वाहक नसणं आणि घडलेल्या मेंदूत तो काही काळ अडवणं या दोन वेगळ्या गोष्टी असाव्यात, असा त्याचा अर्थ लावला जातो. मात्र तुमच्याकडे वाहक आहे, पूर्णपणे नीट घडलेला. ‘सेरोटोनिन कमी म्हणून उदास, सेरोटोनिन वाढलं की आनंदी’ हे टाकीतल्या पाण्यासारखं चित्र समजायला सोपं आहे, पण मेंदूला ते लागू पडत नाही.

मग ‘आखूड’ म्हणजे काय आखूड आहे? या वाहकाचं जनुक १७व्या गुणसूत्रावर आहे, नाव एसएलसी६ए४. त्यातली प्रथिन बनवायची कृती आखूड प्रत असलेल्यांत आणि लांब प्रत असलेल्यांत तीच असते, तेच ६३० अमिनो आम्लांचं प्रथिन तयार होतं. फरक असतो तो जनुकाच्या अलीकडच्या भागात, म्हणजे प्रथिन किती बनवायचं यावर ताबा ठेवणाऱ्या नियंत्रक भागात. तिथे एक मजकूर पुन्हा पुन्हा येतो, कुणात १६ वेळा, कुणात १४ वेळा. जनुकाचा मजकूर ज्या रासायनिक अक्षरांत लिहिलेला असतो, त्यांतल्या साधारण ४४ अक्षरांचा फरक. १९९६ मध्ये जर्मनीतले क्लाउस-पेटर लेश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींमध्ये आखूड प्रतीकडून वाहक कमी बनतो. त्याच अभ्यासात त्यांनी ५०५ माणसांचे स्वभाव तपासले. चिंता करण्याकडे असलेल्या कलाशी आखूड प्रतीचा संबंध दिसला, पण माणसामाणसांतल्या फरकापैकी जेमतेम ३ ते ४ टक्के त्यातून समजत होता. म्हणजे शोध लागला त्या दिवशी, मूळ निबंधातही, हे जनुक एकट्याने कुणाचं नशीब ठरवत नव्हतं.

तुमच्या रिपोर्टमधलं ‘ताणाला संवेदनशील’ हे शब्द २००३ मधून आले आहेत. न्यूझीलंडमधल्या डुनेडिन शहरात १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या मुलांचा जन्मापासून पाठपुरावा चालू आहे. त्यातल्या ८४७ जणांची वयाच्या २६व्या वर्षापर्यंतची माहिती घेऊन अवशालोम कास्पी, टेरी मॉफिट आणि सहकाऱ्यांनी लिहिलं की ताणाचे प्रसंग वाट्याला आले तर आखूड प्रत असलेल्यांना नैराश्य जास्त येतं. हा निबंध जगभर गाजला. मीसुद्धा त्या काळात व्याख्यानांतून तो मोठ्या उत्साहाने सांगितला आहे. जनुक आणि परिस्थिती यांची सांगड घालणारं इतकं सुंदर उत्तर हाती लागल्यासारखं वाटलं होतं. म्हणूनच पुढे काय झालं तेही सांगणं माझं काम आहे.

आधी त्याच निबंधातले आकडे पाहू. पाच वर्षांत चार किंवा अधिक मोठे आघात झालेले आणि एक तरी आखूड प्रत असलेले जे लोक होते, त्यांच्यातल्या ३३ टक्क्यांना नैराश्य आलं. तुम्हाला घाबरवणारा हाच आकडा उलटा करून वाचा : आखूड प्रत, वर चार-चार आघात, तरीही तिघांतले दोघे त्या आजारात सापडले नाहीत. दोन्ही प्रती आखूड असलेले, तुमच्यासारखे, त्या अभ्यासात १४७ जण होते, म्हणजे दर सहांतला साधारण एक. ही दुर्मिळ खोट नाहीच, माणसांत सर्रास आढळणारा फरक आहे. पूर्व आशियातल्या लोकांमध्ये तर आखूड प्रतच जास्त आढळते. तिथली बहुसंख्य माणसं काही नैराश्यात बुडालेली नाहीत.

त्यानंतर इतरांनी हेच पुन्हा तपासून पाहिलं. काहींना तोच निकाल मिळाला, पुष्कळांना नाही. २००९ मध्ये १४ अभ्यासांतल्या १४,२५० लोकांची माहिती एकत्र केली, तेव्हा आखूड प्रतीचा परिणाम दिसेना, ना एकटीचा, ना ताणासोबतचा. आयुष्यातल्या आघातांचा परिणाम मात्र स्पष्ट दिसला. २०११ मधल्या एका व्यापक आढाव्याने संबंध आहे असं म्हटलं, त्यामुळे वाद चालू राहिला. पुढे अनेक संशोधक गटांनी, कशी तपासणी करायची ते आधीच ठरवून, ३८ हजारांहून अधिक लोकांची माहिती एकत्र केली. ठोस काही हाती लागलं नाही. आणि २०१९ मध्ये हे जनुक आणि नैराश्याशी जोडली गेलेली आणखी १७ ‘नामांकित’ जनुकं लाखो लोकांच्या माहितीवर तपासली गेली. यादृच्छिकपणे उचललेल्या जनुकांपेक्षा त्यांचा नैराश्याशी जास्त संबंध आढळला नाही.

हे वाचून थोडा धक्का बसला असेल. जे जनुक तीन महिने तुमच्या उशाशी बसून आहे, ते नैराश्याच्या बाबतीत इतर कुठल्याही जनुकाहून वेगळं ठरलेलं नाही. सुरुवातीच्या संशोधकांनी फसवलं असं मात्र मला म्हणायचं नाही. लहान नमुन्यात योगायोगही नियमासारखा दिसतो, आणि तो योगायोग होता हे समजायला लाखो माणसं तपासावी लागली. तुमचे यजमान म्हणतात, विज्ञान सांगतंय. विज्ञान आज काय सांगतंय ते त्यांना या पत्रातून वाचून दाखवा. तुमच्या रिपोर्टने २००३ पाशीच पुस्तक मिटलं आहे.

आणखी एक तांत्रिक गोष्ट. घरून लाळ पाठवून होणाऱ्या बहुतेक चाचण्या जनुकातली सुटी अक्षरं वाचतात. १४ वेळा की १६ वेळा अशी लांबी मोजायला वेगळी पद्धत लागते. म्हणून कित्येकदा शेजारच्या अक्षरांवरून लांबीचा अंदाज बांधला जातो. शिवाय लांब प्रतीतही एका अक्षराच्या फरकाने एक उपप्रकार होतो, जो प्रयोगशाळेत आखूड प्रतीसारखा वागतो. तुमच्या कागदावरचा ‘आखूड-आखूड’ हा शेरा प्रत्यक्ष मोजलेला आहे की अंदाज आहे, ते त्यावर लिहिलेलं आहे का बघा.

आता मी दुसऱ्या टोकाला जात नाही. ‘जनुकांचा काही संबंधच नाही’ असं मी म्हटलं, तर तेही चूक ठरेल. जुळ्यांच्या अभ्यासांवरून नैराश्याचा अनुवंशाशी असलेला संबंध साधारण ३७ टक्के धरतात. म्हणजे एखाद्या समाजात कुणाला नैराश्य येतं आणि कुणाला नाही, या फरकातला तेवढा वाटा अनुवंशाचा. तुमच्या दुःखातलं ३७ टक्के जनुकाचं आणि बाकीचं बाबांच्या जाण्याचं, अशी वाटणी मात्र त्यावरून करता येत नाही. हा अनुवंश एका जनुकात बसलेला नाही. २०१९ मध्ये आठ लाखांवर लोकांच्या अभ्यासातून जनुकसंचातल्या १०२ जागा सापडल्या, २०२५ पर्यंत त्या ७०० च्या घरात गेल्या. प्रत्येकीचा परिणाम इतका बारीक की एकटीचं नाव घेण्यात अर्थ नाही. यातल्या काही जागा मजबूत माणसांकडेही असतात, काही हळव्यांकडेही. तुमच्याकडे, तुमच्या यजमानांकडे, माझ्याकडेही.

आई-वडील किंवा सख्ख्या भावंडांपैकी कुणाला नैराश्य असेल, तर आपला धोका इतरांपेक्षा साधारण दोन ते तीन पट धरतात. म्हणजे लेकीबद्दलची खरी उपयोगाची माहिती रिपोर्ट येण्याआधीच तुमच्याकडे होती. आजी आजारी होती, आई काही काळ आजारी होती. याहून जास्त सांगेल अशी चाचणी आज तरी बाजारात नाही.

तेव्हा लेकीची चाचणी? नको. अगदी स्पष्ट सांगते, करू नका. मोठेपणी उद्भवू शकणाऱ्या आणि लहानपणी ज्यावर वेगळा उपचार करायचा नसतो अशा आजारांसाठी मुलांच्या जनुकीय चाचण्या टाळाव्यात, हा जनुकतज्ज्ञांच्या संस्थांचाही सर्वसाधारण सल्ला आहे. मूल मोठं झाल्यावर हवं असेल तर स्वतः ठरवेल. पण मला त्याहून जास्त काळजी वेगळ्या गोष्टीची वाटते. समजा चाचणी केली आणि तिच्याही दोन्ही प्रती ‘आखूड’ निघाल्या. उद्या मैत्रिणीशी भांडून ती रडत घरी येईल, तेव्हा तुम्ही मैत्रिणीबद्दल विचाराल की मनात त्या जनुकाला शिव्या घालाल? लाल अक्षरं एकदा वाचली की रडणाऱ्या मुलीच्या जागी लक्षणच दिसायला लागतं. मुलांना हे फार लवकर कळतं. तुम्हालाही आईच्या चेहऱ्यावरून कळत होतंच की.

ती हळवी आहे, एवढं तुम्ही लिहिलंत. बरं वाटल्यावर ती हसते-खेळते का? पुन्हा मैत्रिणींत मिसळते का? असं असेल तर तो स्वभाव आहे, आणि वाईट स्वभाव नाही. लक्ष द्यायचं ते वेगळ्या बदलाकडे. आवडता खेळ सुटला, दोन आठवड्यांहून अधिक काळ सतत चिडचिड किंवा उदासी, झोप किंवा भूक बिघडलेली, शाळेला जायच्या वेळी रोज पोटदुखी, स्वतःला इजा करण्याची किंवा ‘मी नसते तर बरं झालं असतं’ अशी भाषा. असं काही दिसलं तर बालमानसतज्ज्ञांकडे न्या. शेवटचं, म्हणजे इजा किंवा मरणाची भाषा, कानावर पडलं तर त्याच दिवशी. हे मोठ्यांनाही लागू आहे, तुम्हालाही.

आणि लेकीसाठी काहीतरी ठोस करायचंच असेल, तर ते तुमच्या हातात आहे. नैराश्य असलेल्या आयांवर उपचार करून त्यांच्या मुलांवर लक्ष ठेवलेला एक मोठा अमेरिकी अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या आया औषधोपचाराने बऱ्या झाल्या, त्यांच्या मुलांमधली लक्षणं पुढच्या काही महिन्यांत कमी झाली. मुलांवर वेगळा उपचार न करता. आई सावरली की घरातली हवा बदलते. तुम्ही स्वतःची काळजी घेणं ही लेकीचीच काळजी आहे, आणि तीच तुम्ही तीन महिन्यांपूर्वी अर्ध्यावर सोडलीत.

म्हणून तुमचा तो प्रश्न, ‘बोलून जनुक बदलतं का?’ नाही बदलत. पण गोळीने तरी कुठे बदललं होतं? गोळीतलं औषध वाहकाच्या नेमक्या कुठल्या खोबणीत जाऊन बसतं, ते २०१६ मध्ये त्या प्रथिनाची रचना उलगडल्यावर प्रत्यक्ष दिसलं. जनुकाला हे औषध हातही लावत नाही. जनुक होतं तसंच राहिलं आणि तुम्ही बऱ्या झालात. शिवाय गोळी वाहकाला काही तासांतच अडवते, मन सावरायला मात्र काही आठवडे जातात. मधल्या दिवसांत पेशींची संवेदनशीलता, त्यांच्यातले दुवे सावकाश बदलत असतात. शिकताना, आठवताना, कुणाशी मनातलं बोलतानाही मेंदूतले दुवे बदलतात. समुपदेशनाचा उपयोग तिथेच होतो.

‘जनुकीय म्हणजे न बदलणारं’ हे आपण सगळ्यांनीच धरून ठेवलेलं एक गृहीतक आहे. फिनाइलकीटोनयुरिया नावाचा एक आजार आहे. तो खरोखर एकाच जनुकातल्या बिघाडाने होतो, आणि उपचार केला नाही तर मुलाच्या मेंदूचं कायमचं नुकसान करतो. जन्मतः निदान झालं तर मुख्य उपचार काय? आहार. एक विशिष्ट अमिनो आम्ल कमी असलेला आहार लगेच सुरू केला की ते मूल इतर मुलांसारखं वाढतं. बिघडलेलं जनुक तसंच राहतं. जिथे एक जनुक इतका थेट घाव घालतं तिथे ही गोष्ट, तर तुमच्या बाबतीत ‘आता उपयोग नाही’ म्हणायला काय आधार?

गोळी जन्मभर का, याचं उत्तर त्या रिपोर्टमध्ये नाहीच. पहिल्यांदा नैराश्य आलं असेल तर बरं वाटल्यानंतरही साधारण सहा महिने ते वर्षभर गोळी चालू ठेवतात. पुन्हा पुन्हा येत असेल, फार तीव्र असेल, तर जास्त काळ. तुमच्याबाबतीत किती, हे तुमचे डॉक्टर तुमच्या आजाराचा इतिहास पाहून ठरवतील. मनाने बंद मात्र करू नका, एकदम तर मुळीच नको. चक्कर, अस्वस्थता, झोपमोड असा त्रास होऊ शकतो आणि आजार उलटू शकतो. डोस हळूहळू कमी करतात. कधी कधी रिपोर्टमध्ये ‘या जनुकामुळे तुम्हाला अमुक औषध चालणार नाही’ असंही लिहिलेलं असतं. औषधं आणि जनुकं यांच्यावर मार्गदर्शन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटाने २०२३ मध्ये स्पष्ट म्हटलं आहे की सेरोटोनिन वाहकाच्या जनुकावरून नैराश्याचं औषध निवडावं इतका पुरावा नाही. यकृतात औषध किती वेगाने मोडतं हे ठरवणारी काही जनुकं वेगळी आहेत, त्यांचा काही औषधांच्या डोसशी खरा संबंध आहे. तो विषय डॉक्टरांनी काढला तर जरूर ऐका.

दुसऱ्या मुलाबद्दल मी हो किंवा नाही म्हणणार नाही. तो तुम्हा दोघांचा निर्णय आहे. फक्त ‘आखूड प्रत’ हे कारण त्या निर्णयातून काढून टाका. मग काय उरतं ते बघा. कदाचित यजमानांना जनुकाची भीती नसेलच. दोन वर्षांपूर्वी तुम्हाला त्या अवस्थेत पाहिल्याची भीती असेल, घर आणि लेक एकट्याने सांभाळल्याचा थकवा असेल, आणि तो सांगण्यापेक्षा विज्ञानाचा हवाला देणं सोपं गेलं असेल. त्यांना विचारा. ‘मी आजारी होते तेव्हा तुझे दिवस कसे गेले?’ एवढंच. खूप घरांत हा प्रश्न कुणी कुणाला विचारलेलाच नसतो. आणि दुसरं मूल हवं असं ठरलं, तर एक खरी जोखीम लक्षात ठेवा, जी तुमच्या इतिहासातून येते : आधी नैराश्य येऊन गेलेल्या बायकांना गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर ते पुन्हा येण्याची शक्यता जास्त असते. म्हणून दिवस राहण्याआधीच मानसोपचारतज्ज्ञ आणि स्त्रीरोगतज्ज्ञ दोघांशी बोलून गोळीचं काय करायचं, बाळंतपणानंतर मदतीला कोण, रात्रीची झोप कशी मिळेल, हे आखून ठेवा. अशी तयारी करून सुखरूप बाळंतपण झालेल्या कितीतरी जणी आहेत.

असा रिपोर्ट हातात घेऊन बसलेल्या इतर वाचकांनाही एक सांगते. ‘धोका जास्त’ हे शब्द दिसले की आधी विचारा, कुणापेक्षा जास्त, किती जास्त, आणि हे किती माणसांवर तपासलंय? उत्तर कागदावर नसेल तर त्या शब्दांवर आयुष्यातला कुठलाही निर्णय घेऊ नका. रिपोर्टमुळे उपचार बंद करावेसे वाटले, तर बंद करण्याआधी उपचार करणाऱ्यांना तो दाखवा. आणि चाचणीवर खर्च करायच्या विचारात असाल, तर त्याआधी घरातल्या वडीलधाऱ्यांपाशी बसा. कुणाला काय झालं होतं, कितव्या वर्षी, कशाने बरं वाटलं, ते लिहून काढा. जुन्या पिढीत ‘तिला वारं लागलं होतं’, ‘तो जरा विचित्रच होता’ अशा शब्दांत आजार लपलेले असतात, ते हळुवारपणे विचारावे लागतात. डॉक्टरांना हे पान जास्त उपयोगी पडतं.

तुमच्याकडे तर ते पान लिहायला आई आहे, असं पत्रावरून वाटतं. तिला विचाराल? तिला तेव्हा काय होत होतं, हे तिला आजवर कुणी विचारलंय का?

लेकीला रिपोर्ट दाखवायची गरज नाही. फाडायचा की ठेवायचा, ते तुम्ही ठरवा, मला त्यात फार फरक दिसत नाही. तिला सांगायची गोष्ट वेगळी आहे, आणि त्यासाठी ती मोठी होण्याची वाट पाहायला नको. नऊ वर्षांच्या मुलीला कळेल अशा शब्दांत सांगा : आजीला खूप उदास करणारा आजार होता, तेव्हा लोकांना तो आजार आहे हे कळलं नव्हतं. आईलाही तो झाला होता. आईने डॉक्टरांना सांगितलं, औषध घेतलं, बोलली, आणि बरी झाली. तुला कधी फार दिवस उदास वाटलं तर मला सांग, तू काही चुकीचं केलं म्हणून तसं होत नाही.

आणि हे तिला सांगताना ‘बोलली’ हा शब्द खरा असायला हवा. म्हणून या आठवड्यात समुपदेशकांना फोन करा. तीन महिने का आला नाहीत, याचं स्पष्टीकरण जुळवत बसू नका. रिपोर्ट आला आणि मी घाबरले, एवढं सांगितलं तरी पहिल्या दिवसापुरतं बोलायला पुष्कळ आहे.

तुमची,
ताई